शेवटच्या दारावरचा पंखा

मित्रांनो, आधी नाक दाबून घ्या. मी एक जुना पंखा आहे, पण तुमच्या घराच्या छताला टांगलेला, झोपताना गार वारा देणारा तो लाडका पंखा नव्हे. मी जमिनीखालच्या रेल्वे स्टेशनात राहतो. फलाटाच्या अगदी टोकाला, शेवटच्या दाराच्या वर, भिंतीतल्या गोल भोकात मला बसवले आहे. तुम्ही वापरून टाकलेली हवा ओढायची आणि वर रस्त्यावर फेकायची, हे माझे काम. वारा देणाऱ्याचे सगळे कौतुक करतात. वारा नेणाऱ्याचे नावही कोणाला ठाऊक नसते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझे एकेक पाते माणसाच्या हाताएवढे लांब आहे. मला जुळवून झाल्यावर कारागिरांनी कारखान्याच्या अंगणात उभे करून पहिल्यांदा फिरवले. त्या दिवशी अंगणात नुकतेच गवत कापले होते. मी पोटभर हवा ओढली आणि मनात म्हटले, वा, काय झकास धंदा मिळाला आपल्याला! तो वास मला अजून आठवतो, कारण त्यानंतर चांगला वास माझ्या वाट्याला आलाच नाही. मला खोक्यात घालून इथे आणले, तीन मजले खाली उतरवले आणि भिंतीत बसवले. रस्त्यावरच्या लोकांच्या अंगावर काजळी उडू नये म्हणून माझ्यासमोर जाड फिल्टर लावला आणि त्यावर लोखंडी जाळी. फलाटाच्या दुसऱ्या टोकाला माझा जुळा भाऊ बसतो. तो वरची ताजी हवा आत सोडतो. त्याच्या वाट्याला आभाळाखालची हवा आली आणि माझ्या वाट्याला तुम्ही.

तुम्हाला राग आला तर येऊ द्या, पण मी काय काय ओढतो ते ऐका. मी तुमच्या शिंका ओढतो. ओल्या मोज्यांचा वास ओढतो, आणि तो वास झाकायला तुम्ही फवारलेले अत्तर ओढतो, जे त्या मोज्यांपेक्षा भयंकर असते. कोंडा, लोकरीचे तंतू, कुणाच्या दुपारच्या जेवणाचा ढेकर, गळलेले केस, सगळे माझ्याकडे येते. केस तर फिल्टरवर येऊन एकमेकांना असे मिठ्या मारतात की त्यांची नातीगोती जुळली आहेत असे वाटावे. त्यात गाडीच्या ब्रेकमधून उडणारी लोखंडाची बारीक पूड मिसळते आणि या सगळ्याला गंजक्या खिळ्याची चव येते. मी जन्मापासून हेच खातो. मला या कामाची किळस येते, आणि ती इतक्या वर्षांत कमी झालेली नाही.

पहिली काही वर्षे मात्र बरी गेली. तेव्हा फलाट उघडा होता. सायकलच्या पंपातला दट्ट्या जसा हवा पुढे ढकलतो, तशी गाडी बोगद्यातली हवा पुढे ढकलत यायची. गाडी दिसायच्या आधी तिचा वारा फलाटावर यायचा. लोकांचे केस उडायचे, हातातले कागद फडफडायचे आणि सगळे पिशव्या उचलून तयार व्हायचे. गाडी गेली की मागे हवा ओढली जायची. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्याच फलाट झाडून काढत होत्या, त्यामुळे माझ्यावर आणि भावावर ओझे कमी पडायचे.

पण उघड्या फलाटावरून माणसे रुळांवर पडतात. एक माणूस पडला, मग एक बाई. तेव्हा वरच्या लोकांनी फलाटाच्या कडेने जमिनीपासून छतापर्यंत काचेची भिंत उभी केली आणि गाडीच्या दारांसमोर काचेची सरकती दारे बसवली. गाडी थांबली की दोन्ही दारे एकदम उघडतात आणि एकदम मिटतात. खोटे कशाला बोलू, ती दारे आल्यापासून एकही माणूस रुळांवर पडलेला नाही. पण त्या काचेमुळे गाडीचा वारा पलीकडे बोगद्यातच राहिला. अलीकडे फलाटावर उरली तुमची शिळी हवा, आणि ती बदलायची सगळी जबाबदारी आम्हा दोघा भावांवर आली.

दारांचे कौतुक विचारू नका. स्टेशनमास्तर तर येईल त्या पाहुण्याला ती दारे दाखवायचे. आणि तुम्ही प्रवासी? तुम्हाला तर फुकटचा आरसा मिळाला. तुम्ही त्या काचेसमोर दात कोरता, पुटकुळ्या फोडता, कपाळ टेकून उभे राहता आणि कपाळाचा तेलकट डाग ठेवून निघून जाता. सफाईवाल्यांनी ती काच दिवसातून कितीदा तरी पुसायची, कारण काच दिसते. माझ्या फिल्टरकडे कोण बघणार? मी जाळीमागे असतो. न दिसणारी घाण ही घाण नसतेच, असा तुम्हा माणसांचा जुना नियम दिसतो.

आता मी तुम्हाला तिघांची गोष्ट सांगतो. त्यातली पहिली आक्का. सगळे स्टेशन तिला आक्काच म्हणायचे. जिन्यावरून उतरलेली सगळी गर्दी शेवटच्या दाराशी तुंबते, म्हणून तिथे एक माणूस उभा असायचा, आणि तो माणूस म्हणजे आक्का. गळ्यात शिट्टी, पायात जाड बूट. दार मिटताना मधे घुसणाऱ्याला ती एका हाताने मागे ओढायची आणि वर ऐकवायची, "अहो, पोट आत घ्या, दार लागतंय." माणूस ओशाळून हसायचा आणि पुढच्या गाडीने जायचा. तिला दमा होता. खिशात दम्याचा पंप असायचा. पण या कामाचा तिला फार अभिमान होता, आणि निवृत्त होईपर्यंत याच दाराशी उभे राहायचे, एवढीच तिची इच्छा होती.

दुसरे दोघे म्हणजे आक्काच्या दोन धाकट्या बहिणींचे नवरे. आई लवकर गेल्यामुळे आक्कानेच बहिणींना वाढवले, त्यांची लग्ने करून दिली आणि दोन्ही जावयांना या स्टेशनात नोकरीला लावले. थोरला जावई काचेची दारे दुरुस्त करतो. त्याला मी दारवाला म्हणतो. धाकटा आम्हा पंख्यांची देखभाल करतो. तो हवावाला. दोघे साडू, एकेकाळी एका ताटात जेवणारे. बदलीची कुणकुण लागली तर एकमेकांसाठी भांडणारे.

मग एका सुट्टीच्या दिवशी, हे मी नंतर ऐकले, आक्काच्या घरी सगळे जेवायला जमले. तिथे हवावाल्याने सासऱ्यांसमोर, म्हणजे आक्काच्या वडिलांसमोर, थट्टा केली की दार उघडायला आणि लावायला काय शिकावे लागते, आमच्या शेजारची मांजरसुद्धा ते करते. सगळे हसले. सासरेही हसले. दारवाला भरल्या ताटावरून उठला. दुसऱ्याच दिवशी हवावाला माझा फिल्टर साफ करायला आला, तेव्हा थोडी काजळी शेवटच्या दाराच्या काचेवर सांडली. दारवाल्याने चारचौघांत त्याला फैलावर घेतले. हवावाल्याने जाळी तशीच अर्धवट लावली, शिडी उचलली आणि कानाला खडा लावला की आता साडू स्वतःहून नीट शब्दांत सांगेपर्यंत या फिल्टरला हात लावणार नाही. तेव्हापासून दोघांचा अबोला सुरू झाला.

म्हणजे बघा, माझ्या पोटात लोकांचे केस कुजत होते आणि हे दोन बाप्ये मांजरीवरून रुसून बसले होते. मला तुमच्या शिंकांचीही इतकी किळस आली नव्हती.

फिल्टर हळूहळू बुजत गेला. पलीकडून भाऊ जोरात ताजी हवा आत सोडत होता आणि इकडून मला ती ओढता येत नव्हती. मग आत आलेली हवा जाणार कुठे? ती काचेच्या दारांना रेलायला लागली. सरकती दारे आपल्या खाचेत घासत जाऊ लागली. मिटता मिटता अडकली की दाराला वाटायचे, मधे कोणी सापडले आहे, आणि ते पुन्हा उघडायचे. गाडी खोळंबायची. स्टेशनमास्तर दारवाल्याला बोलवायचे आणि त्याची खरडपट्टी काढायचे.

दारवाल्याला दुखणे कुठे आहे ते कळले होते. पण साडूशी बोलायचे नाही, म्हणून तो शेवटच्या दाराशी यायचा आणि आक्काकडे निरोप द्यायचा. मी बरोबर वर असल्यामुळे शब्द न शब्द ऐकला आहे. तो म्हणाला, "सांगा त्याला, तुझा पंखा बुजलाय म्हणून माझी दारं अडतात. उद्याच्या उद्या साफ कर, नाहीतर वर तक्रार करतो. फुकटचा पगार खातोस."

आक्का बरं म्हणाली. संध्याकाळी हवावाला आला तेव्हा ती त्याला म्हणाली, "ते म्हणत होते, सवड मिळाली की एकदा पंखा बघाल का?"

हवावाला म्हणाला, सवड मिळाल्यावरच बघेन म्हणावे, आणि आधी स्वतःच्या दारांना तेल घाल, दुसऱ्याच्या नावाने खडे फोडू नकोस, हेही सांगा. आक्काने दुसऱ्या दिवशी दारवाल्याला सांगितले, बघतो म्हणालेत. दारवाला वाट बघत राहिला. काही झाले नाही तेव्हा तो आणखी तिखट निरोप द्यायला लागला, आणि आक्का त्याला आणखी साखर लावायला लागली. एकाला वाटायचे, घाई नाही. दुसऱ्याला वाटायचे, हा माणूस शब्द देऊन फिरवतो. आगीत तेल नको म्हणून बिचारी पाणी घालत होती, आणि ते पाणी आगीऐवजी कामावर पडत होते.

शेवटी दारांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की स्टेशनमास्तरांनी हवावाल्यालाही विचारले, तुमच्या हवेचा काही संबंध आहे का? हवावाल्याच्या नाकाला मिरची झोंबली. दार लागत नाही काय, मग घ्या, असे पुटपुटत त्याने पलीकडे जाऊन माझ्या भावालाच बंद केले. ताजी हवा आत येईनाशी झाली, दारांवरचा रेटा गेला आणि दारे लोण्यासारखी सरकायला लागली. स्टेशनमास्तर खूष झाले. त्यांनी दारवाल्याची पाठ थोपटली. दारवाल्याला वाटले, साडूने एकदाचा पंखा साफ केला. आणि मी बुजलेल्या नाकाने तीच ती हवा ढवळत बसलो.

मित्रांनो, त्या दिवसांतली फलाटावरची हवा मी तुम्हाला कशी सांगू? सकाळी कोणी खोकला की दुपारी तोच खोकला माझ्यासमोरून दुसऱ्यांदा जायचा. प्रवासी नाक मुरडून पाच मिनिटांत गाडीत चढायचे आणि सुटायचे. आक्का सुटायची नाही. तिचा पंप आधी पाळीतून एकदा निघायचा, तो आता सारखा निघू लागला. गर्दी ओसरली की ती भिंतीला टेकायची आणि वर माझ्याकडे बघून धापा टाकायची. तिने दुखणे अंगावर काढले, कारण तिच्यापुढे दोन्हीकडून पंचाईत होती. हवा कोंडली म्हणावे तर धाकटा जावई अडचणीत येणार. हवा सोडा म्हणावे तर दारे पुन्हा अडणार आणि थोरला बोलणी खाणार. तिने मूग गिळले. दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ अशी तुमच्यात म्हण आहे. इथे तिसऱ्याच्या वाट्याला खोकला आला.

मग तो दिवस उजाडला. दुपारची वेळ होती. स्टेशनमास्तरांनी बाहेरच्या पाहुण्यांना दारे दाखवायला आणले होते, म्हणून दारवालाही हजर होता. तेवढ्यात पुढे काही बिघाड झाला आणि गाड्या बोगद्यातच थांबल्या. जिन्यावरून मात्र माणसे उतरतच राहिली. फलाट गच्च भरला. सगळे एकमेकांच्या मानेवर श्वास सोडत उभे होते आणि तो श्वास काचेच्या आत साठत होता. बऱ्याच वेळाने एक गाडी आली, थोडी माणसे घेऊन भरली, आणि आक्काने दार मिटायची शिट्टी वाजवण्यासाठी तोंडात धरली. शिट्टी वाजली नाही. तिने पुन्हा फुंकले. आवाज येईना. तिच्याकडे फुंकायला हवाच नव्हती. दार आपले आपण सुरेख मिटले, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, गाडी निघाली आणि आक्का काचेला पाठ लावून खाली बसली.

ते फक्त दारवाल्याने पाहिले. तो गर्दी हटवत तिच्याजवळ आला. तिने पंप तोंडाला लावला होता आणि तो काही उपयोगाचा नव्हता. तिचे ओठ निळसर झाले होते. दारवाल्याने पलीकडच्या टोकाला माझ्या भावाकडे पाहिले, तेव्हा तो बंद आहे हे त्याला दिसले. दारवाल्याने खिशातून फोन काढला आणि कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा साडूला स्वतः फोन लावला.

"हवा सोड," तो म्हणाला. पलीकडून काहीतरी उत्तर आले असावे, बहुधा दारांबद्दल, कारण दारवाला ओरडला, "खड्ड्यात गेली दारं. आक्का पडलीय. हवा सोड."

मग त्याने एक गोष्ट केली जी त्याने कधीच केली नसती. त्याने कमरेची किल्ली काढली, शेवटचे दार हाताने उघडले आणि कोणी रुळांवर जाऊ नये म्हणून दोन्ही हात पसरून स्वतः त्या दारात उभा राहिला. स्टेशनमास्तर पाहुण्यांसमोर काळेनिळे झाले. बोगद्यात दुसरी गाडी खोळंबली होती, ती बेताने पुढे सरकत होती आणि तिच्यापुढचा वारा त्या उघड्या दारातून आत शिरला. आक्काच्या कपाळावरचे केस हलले. तिला एक श्वास मिळाला, मग दुसरा. गाडी शिरण्याआधी त्याने दार पुन्हा लावले.

हवावाला धापा टाकत खाली आला. भावाला सुरू करून आला होता, पण माझ्याकडून हवा बाहेर जाईना हे त्याला लगेच कळले. त्याने शिडी लावली आणि माझी जाळी उपसून काढली. फिल्टर म्हणून जे काही खाली पडले ते बघून पुढच्या माणसांनी तोंडे फिरवली. काळा, ओलसर, घोंगडीएवढा जाड थर. त्यात केस, पूड आणि देव जाणे काय काय. हवावाल्याला तिथेच उमासा आला. मला बरे वाटले. मी जे इतके दिवस तोंडात धरून होतो, ते निदान एकदा त्याने नाकाने घेतले. आणि माझी पाती मोकळी होऊन फिरली, तसा सगळ्या फलाटाने श्वास घेतला.

"किती महिने सांगतोय हे साफ कर म्हणून," दारवाला म्हणाला.

"कधी सांगितलंस? सवडीने बघा, एवढाच निरोप होता तुझा."

"मी सवडीने म्हणालो? उद्याच्या उद्या कर, नाहीतर तक्रार करतो, असं म्हणालो होतो. आणि तू बघतो म्हणालास."

"मी म्हटलं होतं, आधी दारांना तेल घाल."

दोघांनी एकदम आक्काकडे पाहिले. तोवर माणसांनी तिला स्ट्रेचरवर आडवे केले होते. तिने डोळे उघडले.

"तुम्ही दोघं पुन्हा माझ्या घरी जेवायला बसावं एवढंच मला हवं होतं," ती म्हणाली. मग तिला वर नेले.

आक्का वाचली. पण डॉक्टरांनी तिला जमिनीखाली पाऊल टाकायला मनाई केली. आता ती वर, हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत खुर्चीवर बसते आणि लोकांच्या छत्र्या परत करते. तिथे शिट्टी लागत नाही. हे मला दोघा साडूंच्या बोलण्यातून कळते, कारण ते आता एकमेकांशी बोलतात. बोलतात कसले, माझ्याखाली उभे राहून भांडतात. त्यांच्या तोंडची भाषा मी तुम्हा मुलांना सांगणार नाही. पण दारवाला येऊन म्हणतो, तुझा पंखा घाण झालाय, आणि हवावाला त्याच दिवशी शिडी घेऊन येतो. दोघे आक्काच्या घरी जेवायलाही जातात, असे ऐकतो. माझा फिल्टर स्वच्छ असतो. दारे छान लागतात. इतकी छान लागतात की शेवटच्या दाराशी आता माणसाची गरज नाही, असे वरच्या लोकांनी ठरवले. तिथे कोणी उभे नसते.

मित्रांनो, या स्टेशनातली सगळी घाण मीच गिळतो, अशी माझी इतकी वर्षे समजूत होती. ती चुकीची होती. माझ्याखाली उभी असलेली एक बाई दोन्हीकडचे कडू स्वतः गिळत होती आणि गोड तेवढे पुढे देत होती. माझा फिल्टर निदान जाळी काढल्यावर दिसला. तिचा कोणाला दिसलाच नाही.

तुमच्याही घरात असे एक माणूस असेल. कदाचित आई असेल, आत्या असेल, मोठी बहीण असेल. तुमचे भांडण झाले की तुम्ही तिच्याकडे निरोप देता आणि हात झटकता. कृपा करून असे करू नका. जे बोलायचे ते स्वतः जाऊन तोंडावर बोला. घाण असेल तर घाण म्हणा. फार तर भांडण होईल. होऊ द्या. भांडून कोणी गुदमरत नाही.